दिंडोरीची जीप

गेल्या महिन्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी नवी गाडी सुरू होईना. किल्ली फिरवली की समोरचे दिवे लागायचे, काटे हलायचे आणि मग शांतता. दोन-चार शेजारी जमले. माणसं जमली की मला ज्ञान सुचतं, हा माझा जुना आजार. मी बॉनेट उघडलं आणि सेल्फ म्हणजे काय, तो बॅटरीतून करंट किती खेचतो, त्याचे दात फ्लायव्हीलच्या दातांत कसे अडकतात यावर चांगली पंधरा मिनिटं बोललो. (स्टार्टरला आमच्या नाशकात सगळे सेल्फच म्हणतात, मीही इथे तेच म्हणणार आहे.) मी मेकॅनिकचा मुलगा आहे हेही दोनदा सांगून झालं. तेवढ्यात माझी मुलगी मुक्ता जिना उतरून आली, खिडकीतून आत डोकावली आणि म्हणाली, "बाबा, क्लच दाबून किल्ली फिरवा." ह्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत, हे शोरूममधल्या माणसाने मला सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा पेढे वाटत होतो. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली, शेजारी हसत हसत पांगले, आणि मुक्ता म्हणाली, "नाना असते तर काय म्हणाले असते?" मी हसण्यावारी नेलं. पण नाना काय म्हणाले असते ते मला नेमकं माहीत होतं. ते म्हणाले असते, "मला नको विचारू रे, माझ्या कानाचं काही खरं नाही." आणि हे वाक्य त्यांच्या तोंडी कुणी घातलं, तेही मला माहीत होतं.

नाना म्हणजे माझे वडील. घराणं आमचं मखमलाबादकडचं, भाजीपाला आणि झेंडू पिकवणारं. चुलते अजूनही तेच करतात. नानांना मात्र लहानपणापासून मातीपेक्षा पाण्याच्या इंजिनात रस, म्हणून ते सातपूरला आले. एमआयडीसीच्या मागच्या रस्त्याला पत्र्याची शेड, शेडच्या पाठीला चिकटून आमच्या दोन खोल्या. घरात आणि गॅरेजात फरक एवढाच की घरात चपला काढायच्या. सकाळी कारखान्यांचे भोंगे वाजायचे, त्यांच्या पाठोपाठ आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, आणि भाकरी तव्यावर पडेपर्यंत शेडमध्ये पहिला हातोडा पडलेला असायचा. आमच्या ताटाला डिझेलचा वास होता. शेपूच्या भाजीलासुद्धा. पुढे लग्न झाल्यावर पहिल्यांदा बिनवासाची शेपू खाल्ली तेव्हा मला ती अळणी लागली होती, आणि मी नव्या नवरीला मीठ मागितलं. ते प्रकरण वेगळं आहे.

नानांचा कान ही आमच्या घरातली मोठी इस्टेट होती. जेवायला आम्ही शेडच्या बाजूच्या दारात बसायचो, कारण तिथे वारा यायचा. रस्त्यावरून गाड्या जात. नाना भाकरीचा घास मोडून ठेच्याला लावायचे आणि मधेच त्यांचा हात थांबायचा. हात थांबला की आई भाजी वाढायची थांबे, मी चावायचा थांबे. "बेअरिंग गेलंय," नाना म्हणायचे, आणि मग घास तोंडात. गाडी कोणाची, कुठली, काही माहीत नसायचं. कधी कधी दोन दिवसांनी तीच गाडी ढकलत आमच्या दारात यायची. "आलात का," नाना म्हणायचे, "परवा जाताना ऐकलं होतं मी तुम्हाला." आई म्हणायची, "ह्यांना माझी हाक ऐकू येत नाही, लोकांची बेअरिंगं बरी ऐकू येतात."

मी तेव्हा आयटीआयमध्ये दुसऱ्या वर्षाला होतो. तिथे शिकवलेलं नानांना सांगायचो, नाना ऐकून घ्यायचे आणि हातातलं काम आपल्या पद्धतीने करायचे. त्यांच्या कामाची एक रीत होती. मोठं काम पुरं झालं की ते हात पुसून गाडीसमोर उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे आणि एकेका गोष्टीचं नाव घ्यायचे. मी गाडीखालून उत्तर द्यायचो. "बेलहाउसिंगचे बोल्ट?" "आवळले." "रबराची माउंटिंगं?" "बसवली." "अर्थिंग?" "लावलं." देवळातल्या आरतीसारखी लय होती त्याला. आणि एकदा मी हो म्हटलं की नाना त्या गोष्टीकडे पुन्हा बघायचे नाहीत. मी एकदा विचारलं, "तुम्ही स्वतः का नाही बघत?" तर म्हणाले, "मग तुला कशाला विचारू?"

त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर दिंडोरीकडचे पुंजाबा आपली जीप घेऊन आले. द्राक्षाचे बागायतदार, धिप्पाड माणूस, डोक्याला कायम टॉवेल बांधलेला. जीप पेट्रोलची होती आणि त्यांच्या भाषेत ती "पेट्रोल पीत नाय, आंघोळ करती." त्यांनी कुठल्याशा अपघातातल्या गाडीचं डिझेल इंजिन सेल्फसकट घेऊन ठेवलं होतं, ते जीपमध्ये बसवायचं होतं. दसऱ्यानंतर लगेच बागेची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरायची. छाटणीला मजूर आणायचे पेठ तालुक्यातून, ते ह्याच जीपमधून. "नाना, छाटणीचा दिस हुकला तर वरीस हुकलं," पुंजाबा म्हणाले. नाना म्हणाले, "छाटणीच्या आधी गाडी तुमच्या दारात." असा शब्द ते सहसा देत नसत. पण अख्खं इंजिन बदलायचं काम बऱ्याच दिवसांनी आलं होतं आणि त्यांचे हात शिवशिवत होते.

जुनं इंजिन उतरवलं, नवं धुऊनपुसून तयार केलं, आणि मधे खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांना हात लावत नसत. आदल्या दिवशी सगळे पाने, हातोडे, जॅक डिझेलमध्ये धुवायचे, पुसायचे आणि पाटावर मांडायचे. चुलत्यांकडून झेंडूची पाटी यायची. आई दरवर्षी स्वतःचं माहेरचं खुरपंही त्या मांडणीत ठेवायची, नाना हसायचे, ती म्हणायची, "हे पण हत्यारच आहे, ह्याच्यावरचा हात बघून माझं लग्न ठरलं." घासायपुसायचं काम माझ्याकडे. मला त्या वर्षी काय उत्साह आला होता कुणास ठाऊक. घासता घासता जीपमधून काढलेली तांब्याची एक जाळीदार पट्टी हाताला लागली. वीतभर लांब, हिरवी पडलेली. ही पट्टी इंजिनाला चॅसीशी जोडते. इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्यामुळे करंटला परत जायला वाट लागते. ती वाट म्हणजे ही पट्टी. अर्थिंग म्हणतात ते हेच. मला हे सगळं पाठ होतं, परीक्षेत पाच मार्कांना आलं होतं. मी आईकडून चिंच घेतली आणि ती पट्टी अशी घासली की देवाच्या तांब्याला लाज वाटावी. मग ती पाटावर मधोमध ठेवली, खुरप्याच्या शेजारी. आईने तिला हळदकुंकू वाहिलं. पूजा उठल्यावर आईने खुरपं आणि आजोबांच्या वेळचे दोन पाने नेहमीप्रमाणे फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवले. पट्टीही त्यांच्याबरोबर गेली. आईला ती खुरप्याइतकीच पूजेतली वाटली असणार.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साखळीच्या कप्पीने इंजिन उचलून जीपमध्ये बसवलं. दिवसभर मी गाडीखाली होतो. उन्हं कलताना नाना समोर उकिडवे बसले, डोळे मिटले. "बेलहाउसिंग?" "आवळलं." "माउंटिंगं?" "बसवली." "अर्थिंग?" "लावलं." मी खोटं बोललो नाही. त्या पट्टीला मी एवढा वेळ हातात धरलं होतं, एवढं घासलं होतं, की ती लावल्यासारखीच माझ्या डोक्यात बसली होती. आजही मी शपथेवर सांगेन की त्या वेळी मला ती लावल्याचं आठवत होतं.

नानांनी किल्ली फिरवली. सेल्फने "घ्यं" असा एक आवाज काढला, म्हाताऱ्याने उठता उठता परत बसावं तसा. पुन्हा फिरवली. टक. आणखी एकदा. टक. बॅटरी काढून चार्जिंगला लावली. सकाळी टर्मिनलं सँडपेपरने घासली, तार बदलली. टक. मग सेल्फ खाली उतरवला, जमिनीवर पायाखाली धरून थेट बॅटरीवर लावला, तर असा फिरला की पायाखालून निसटायला बघत होता. परत इंजिनावर चढवला. टक. पुन्हा उतरवला, कार्बन बदलले, बुश बदलला, फ्लायव्हीलचे दात आरशाने पाहिले. आमच्या घरात त्या दोन दिवसांत दुसरा आवाजच नव्हता. गंमत म्हणजे ढकलली की जीप लगेच सुरू व्हायची आणि सुरेख चालायची. नाना हेडलाइट लावून मला समोर उभं करायचे. "मंद होतात का?" "नाही." "जराही नाही?" "नाही नाना." ते कपाळाला हात लावून म्हणायचे, "दिवे ठणठणीत, सेल्फ ठणठणीत, बॅटरी ठणठणीत. मग मरतंय कोण?" दिवे मंद होत नाहीत म्हणजे सेल्फ करंट खेचतच नाही, हे आता मी झोपेतही सांगेन. तेव्हा समोर उभा राहून फक्त नाही म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सरळ विचारलंही, "विलास, अर्थिंग लावलंय ना रे?" मी जरा चिडूनच म्हणालो, "लावलंय म्हटलं ना एकदा." ते खाली वाकून बघू शकले असते. वाकले नाहीत.

त्याच संध्याकाळी पुंजाबा बसने आले. चहा प्यायले, जीपभोवती फिरले. नाना म्हणाले, धक्क्याने चालते, तोवर न्या हवं तर. पुंजाबा म्हणाले, "नाना, त्या पेठच्या बाया मी छाटायला आणतो का जीप ढकलायला?" मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "पोरानं काय जोडायचं ऱ्हायलं तर नसंल?" नाना एरवी गिऱ्हाइकाशी मऊ बोलायचे. त्या दिवशी त्यांचा आवाज वेगळाच लागला. "माझा पोरगा हो म्हणाला म्हणजे हो. चुकत असेल तर मी चुकतोय." पुंजाबांनी टॉवेल सोडून पुन्हा बांधला. म्हणाले, "राग नाय नाना तुमच्यावर. पन छाटणी थांबत नाय. उद्या ट्रॅक्टर घेऊन येतो, शहरात दुसऱ्याला दाखवतो." नाना म्हणाले, "दाखवा." त्या रात्री जेवताना रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचं काहीतरी खडखडत होतं, मलाही कळलं. नानांचा घास थांबला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी नाना आत जाऊन आडवे झाले. दुपारचं झोपलेलं मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं. मी जीपमध्ये बसून उगाच किल्ली फिरवत होतो. टक, टक. मग इंजिन बंद करायची जी तारेची दोरी असते, तिची मूठ सहज ओढली, आणि हात झटकला. मूठ गरम होती. इंजिन सुरूच झालं नव्हतं आणि तिची दोरी तव्यासारखी तापली होती. दोन मिनिटं मी तसाच बसलो. करंटला परत जायची वाट सापडत नाही, म्हणून तो बिचारा मिळेल त्या तारेतून, ह्या दोरीतून धावतोय. पाच मार्कांचं उत्तर. मी गाडीखाली गेलो. जिथे पट्टी असायला हवी तिथे दोन मोकळी भोकं माझ्याकडे बघत होती.

मी घरात गेलो आणि पेटी उघडली. आई तांदूळ निवडत होती. "आत्ता पेटी कशाला?" "खुरपं हवंय." "गाडीला खुरपं?" आई म्हणाली, आणि पुन्हा तांदळाकडे वळली. बाजूच्या खाटेवर नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपलेले नव्हते. झोपलेल्या माणसाची पाठ वेगळी असते. मला तिथे एवढंच म्हणायचं होतं: नाना, पट्टी राहिली, माझी चूक. त्यांनी एक थोबाडीत दिली असती, मग दोन्ही हात जोडून देवाकडे बघितलं असतं आणि पुंजाबांना स्वतः हसत सांगितलं असतं की आमच्या पोराने तुमच्या अर्थिंगची पूजा केली. पण काल संध्याकाळी ते जे म्हणाले होते, ते माझ्या आणि खाटेच्या मधे उभं होतं. मी तसाच बाहेर आलो.

पट्टी चिंचेने अशी झळाळत होती की कुणाच्याही डोळ्यात भरली असती. मी बोटभर ग्रीस घेतलं, त्यात जमिनीवरची माती मिसळली आणि ती दोन्ही बाजूंनी नीट काळी केली. घासायला लागला त्याच्या निम्मा वेळही लागला नाही. मग ती लावली आणि बोल्ट आवळले. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, बहुतेक सगळ्या विसराळूपणाने किंवा आगाऊपणाने. ते ग्रीस मात्र मी शुद्धीवर असताना लावलं.

चार वाजता पुंजाबा ट्रॅक्टर घेऊन आले. दोर बांधायला माणूस वाकला तेव्हा मी म्हणालो, "नाना, एकदा शेवटचं बघू का?" नाना दारात उभे होते. "बघ." किल्ली फिरवली आणि इंजिन असं उठलं की ट्रॅक्टरवाला दोर टाकून मागे सरला. बंद केलं, पुन्हा सुरू केलं. तीनदा. नाना पायऱ्या उतरून आले. "काय केलंस?"

"टर्मिनलं घासली."

"मी घासली होती की."

"नीट घासली गेली नव्हती, नाना."

हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं. नानांनी स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं, एकदा तळव्यांकडे, एकदा मागून. पुंजाबा खुशीत येऊन माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "इलास तुमच्या म्होरं गेला, नाना." नाना म्हणाले, "गेला खरा." ते हसले. खरंच हसले, त्यात खोट नव्हती, तीच तर पंचाईत. संध्याकाळी आईने शिरा केला. माझ्या घशाखाली तो उतरला नाही असं लिहायला बरं वाटलं असतं, पण मी दोनदा वाढून घेतला.

त्यानंतर नाना प्रत्येक बोल्ट तीन-तीनदा आवळून बघायला लागले. आवळून झाला की मला हाक मारायचे, "विलास, जरा हात लाव." उकिडवं बसून नावं घेणं बंद झालं. एका दिवसाच्या कामाला तीन दिवस लागायला लागले, गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे गेली, आणि दोन वर्षांत शेडमध्ये फक्त पंक्चर आणि ग्रीसिंग उरलं. "इंजिनाला आता नवीन माणूस पाहिजे," असं सांगून ते लोकांना परत पाठवायचे. जेवताना रस्त्यावरून काय वाटेल ते गेलं तरी घास थांबत नसे. आईने एकदा विचारलं, "ऐकू येईनासं झालंय का?" म्हणाले, "येतं. पण खरं की खोटं कळत नाही." मी पुढे सातपूरलाच एका कारखान्यात लागलो, तपासणी विभागात. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतोय. ह्यावर कुणी हसलं तर माझी हरकत नाही.

आणि दिंडोरीच्या जीपची गोष्ट नाना सगळ्यांना सांगायचे. लग्नकार्यात, दवाखान्याच्या बाकावर, बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला. "तीन दिवस मी झटलो, आणि ह्याने एका मिनिटात." सुनीताला बघायला गेलो तेव्हाही सांगितली. माझे सासरे तिथेच विरघळले. मी मान खाली घालून पोहे खात होतो. त्यांना तो विनय वाटला. सांगायच्या संधी मला पुष्कळ आल्या. शेवटच्या आजारात मी रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसायचो. एकदा सुरुवातही केली, "नाना, ती जीप..." तर ते उशीवरून मान वळवून शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "ऐका हो, हा माझा मुलगा." आणि गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.

त्यांना जाऊन चार वर्षं झाली. गाडीच्या त्या फजितीनंतरच्या रविवारी सुनीता खिडकीपाशी मेथी निवडत होती, मुक्ता बाहेर गेली होती, आणि मी सुनीताला सगळं सांगितलं. चिंच, पेटी, गरम झालेली दोरी, ग्रीस, आणि ते वाक्य. मी मनात तयारी केली होती. ती म्हणेल, तेव्हा तुम्ही लहान होतात. किंवा म्हणेल, त्यांना कळलं असणार हो, बाप होते ते. दोन्हींवर काय बोलायचं तेही ठरवलं होतं. हातातली मेथीची काडी तिने निवडलेल्यात टाकली, मग तिथून उचलून टाकाऊत टाकली.

"रोज झोपताना ते मला हाक मारायचे," ती म्हणाली. "सूनबाई, गॅस बंद केलाय का बघ. मी बघितलाय, पण माझं काही खरं नाही. मी बघून यायचे, की परत दाराच्या कडीसाठी हाक. सतरा वर्षं. मला वाटायचं, त्यांचा स्वभावच संशयी. किती टाकून बोललेय मी त्यांना. एकदा तर म्हटलं, नाना, स्वतःच्या हातावर विश्वास नसेल तर हात लावू नका कशालाच." मेथीची जुडी तिने तशीच कागदात गुंडाळली. "तुम्हाला त्यांना सांगायचं नव्हतं, नका सांगू. पण मला सांगायला काय झालं होतं? मी तरी त्यांच्याशी नीट बोलले असते."